इंदूताईंच्या बूथवरची रांग

इंदूताई साळव्यांच्या बूथवर मी साडेतीन वर्षं रोज सकाळी दोन तास उभा होतो. उभा होतो हे शब्दशः घ्यायचं. तिथं कॉम्प्युटर होता, टेलिफोन होता, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, पण खुर्ची नव्हती. इंदूताईंनी एकवीस वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात उभ्यानं काम केलं होतं, आणि बसून केलेल्या कामाला काम म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. कॉम्प्युटरसाठी सुताराकडून त्यांनी जे टेबल करून घेतलं, तेही इस्त्रीवाल्याच्या टेबलाएवढं उंच. मी सरकारी कचेरीतला टंकलेखक. बसून टाइप करणं ही माझी आयुष्यातली एकमेव कला. पहिल्या दिवशी मी दबकत स्टुलाची चौकशी केली, तर म्हणाल्या, "परबभाऊ, बसला की माणूस टेकतो, टेकला की पेंगतो. दोन तास उभं राहून काय मरत नाय तुम्ही." नाही मेलो.

काळाचौकीला आमच्याच चाळीच्या जिन्याखाली त्यांचा तो एसटीडी बूथ होता. संपाला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली होती. वस्तीतल्या ज्या घरांत एकेकाळी तिघं तिघं गिरणीत जात, त्या घरांतली मुलं आता आखातात, नाहीतर जहाजांवर, नाहीतर कुठल्या तरी परक्या शहरात हॉटेलाच्या मुदपाकखान्यात होती. इंदूताईंची मुलगी सुषमा नर्स. तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना तिनं टॅक्सीत घालून आईकडे आणला. बूथमध्ये फोनची लाइन एकच होती. दिवसभर तिच्यावर लोक गावाला फोन करत, आणि सकाळी सहा ते आठ तीच लाइन कॉम्प्युटरला लागत असे.

मी तिथं गेलो होतो मस्कतच्या भावाला एक ईमेल पाठवायला. दहाही बोटांनी टाइप करताना इंदूताईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून सहाला या." तो प्रश्न नव्हता. मी विचार करून सांगतो असं म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्या दुसऱ्याच माणसाशी बोलत होत्या. माझा स्वभाव हा असा. कुणी ठाम बोललं की मला ते पटल्यासारखं वाटतं.

कामाची रीत त्यांनीच बसवली होती. लोक आदल्या दिवशी चिठ्ठी आणून देत आणि सकाळी आपलं पत्र गेलेलं बघायला रांगेत येऊन उभे राहत. ज्यांना लिहिता येत नसे ते सांगत आणि इंदूताई लिहून घेत. चिठ्ठीच्या कोपऱ्यात त्या नंबर घालत. सकाळी मी नंबरवार एकेक पत्र टाइप करी, आणि टाइप झालेली पत्रं कॉम्प्युटरच्या आउटबॉक्स नावाच्या कप्प्यात एकामागे एक उभी राहत. मग लाइन जोडायची. जोडणी लागली की पत्रं त्याच क्रमानं बाहेर पडत. फक्त ही जोडणी दहा मिनिटं टिके, फार तर बारा. समोरच्या बंद गिरणीच्या आवारात टॉवरसाठी खोदकाम चाललं होतं, आणि जमिनीखालच्या तारांची काय दैना होत होती ते त्या तारांनाच ठाऊक.

जोडणी लागताना मोडेम किंचाळायला लागला की इंदूताई उजवा पंजा वर करीत. रांगेतली बडबड थांबे. मी एकदा त्यांना समजावलं, "ताई, आपण बोलल्यानं लाइनीला काही होत नाही." त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. पण आपलं काम चालू आहे ना? मग गप राहावं." लाइन तुटली की मी चिडून टेबलावर हात आपटी. त्या कधी चिडल्या नाहीत. "तुटलं तर परत लावा," एवढंच. एका सकाळी अकरा वेळा तुटली आणि अकरा वेळा त्या हेच वाक्य त्याच आवाजात बोलल्या. मला शेवटी त्यांचाच राग आला.

आणखी एक कडक नियम होता. पत्र आउटबॉक्समधून निघून 'पाठवलेल्या'त दिसल्याशिवाय "गेलं" म्हणायचं नाही. नाक्यावरचा दुसरा बूथवाला चिठ्ठी हातात घेता घेताच "गेलं समजा" म्हणे, त्यामुळे त्याच्याकडे गिऱ्हाईक खूश असे. एकदा एका म्हातारीला बरं वाटावं म्हणून मीही "गेलं आजी" म्हटलं, आणि पत्र अजून कप्प्यातच होतं. म्हातारी पायरी उतरली होती. इंदूताईंनी तिला हाक मारून परत बोलावलं. "गेलं नाय अजून. ह्यांची चूक झाली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "संपात दर आठवड्याला कोणतरी येऊन सांगायचं, पुढच्या आठवड्यात मिटतोय. दीड वर्ष ऐकलं. लोकांनी त्या भरवशावर घरातली भांडी मोडीत विकली. माझ्या बूथवर कुणाला खोटा दिलासा देऊ नका." मी मान खाली घालून पुढचं पत्र घेतलं.

लाइनीची तक्रार त्यांनी सतरा वेळा लेखी दिली होती. अखेर टेलिफोनचा माणूस आला, डब्बा उघडला, बंद केला आणि म्हणाला, "लाइन ओके आहे, बाई." इंदूताईंनी त्याच्यासाठी चहा सांगितला. चहा येईपर्यंत दार अडवून उभ्या राहिल्या. "ओके आहे ना? मग ऐका." मला म्हणाल्या, "लावा." मी लावली, तुटली. परत लावली, परत तुटली. त्याचा चहा पिऊन झाला, घड्याळाकडे बघून झालं, साहेबाचं नाव सांगून झालं. इंदूताई म्हणाल्या, "मी तुम्हाला काय बोलले का? शिवी दिली का? लाइन ओके आहे असं तुम्ही बोललात. ती ओके असेल तर लागेल, लागली की तुम्ही जा." नवव्या खेपेला त्यानं पिशवीतून पक्कड काढली. दुपारपर्यंत रस्त्याच्या खांबापासून नवी तार आली. त्याआधी जोडणी चार मिनिटं टिकत असे. दहा-बारा मिनिटं झाली ती त्यानंतर.

आमच्याकडे दळवी म्हणून एक पुढारी होते. कुठल्याच निवडणुकीत निवडून आले नव्हते, पण पांढरे कपडे आधीच शिवून ठेवले होते. ते चिठ्ठी घेऊन आले की रांगेकडे न बघता सरळ टेबलाशी येत आणि म्हणत, "ताई, अर्जंट आहे." इंदूताई चिठ्ठी घेत, कोपऱ्यात नंबर घालत आणि म्हणत, "साहेब, तुमचा अकरावा." दळवी हसत, खाकरत, वस्तीसाठी आपण काय काय केलं ते सांगत. इंदूताई सगळं मन लावून ऐकत. ऐकून झालं की म्हणत, "तरी अकरावाच आहे." गंमत म्हणजे दळवी दुसऱ्या बूथवर गेले नाहीत. रोज येऊन रोज तेच ऐकत.

अशा बाईबद्दल लोक दोन प्रकारे बोलत. काही म्हणत, ताठ आहे. काही म्हणत, हेकट आहे, त्या हेकटपणापायीच गिरणीतली जागा गेली. जागा कशी गेली हे मला नीट माहीत नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती. ते कळलं हिराबायमुळे.

हिराबाय शिवडीच्या कोळीवाड्यातली, लालबागच्या बाजारात मासे विकायला बसे. सकाळी धक्क्यावरून माल घेऊन बाजारात जाताना ती बूथसमोर डोक्यावरची माशांची पाटी उतरवायची. तिचा मुलगा मोरेश्वर जहाजावर खलाशी होता, आणि ते जहाज पाच महिने एका परक्या बंदरात अडकून पडलं होतं. मालकानं जहाजाकडे पाठ फिरवली होती. तेल संपलं, पाणी संपलं, पोरं तांदूळ आणि मीठ खाऊन दिवस काढत होती. बंदरावर खलाशांसाठी काम करणारा एक पाद्री होता, त्याच्या कॉम्प्युटरवरून मोरेश्वर आईला पत्र लिही. ती पत्रं मी हिराबायला वाचून दाखवत असे. ती ऐकताना कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत राहायची.

एका सोमवारी पत्र आलं. मालकाचा एजंट जहाजावर येऊन गेला होता. शुक्रवारी दुपारी तो परत येणार होता, विमानाची तिकिटं घेऊन. अट एकच होती. प्रत्येकानं एका कागदावर सही करायची, की आम्ही कप्तानाचा हुकूम मोडला, जहाजाची ही अवस्था आमच्यामुळे झाली, चूक आमची. ज्यानं सही केली तो घरी. पण मग तोच शेरा खलाशाच्या पुस्तकात, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदवहीत चढणार, आणि तसा शेरा असलेल्या माणसाला पुन्हा कुठलंही जहाज घेत नाही. पाद्री म्हणत होता, सही करू नका. मालकाला तुम्ही अन्नपाण्यासाठी जे अर्ज केले, कप्तानानं ज्यावर 'मागणी खरी आहे' असं स्वतः लिहून दिलं, ते कागद मला द्या, मी बंदराच्या अधिकाऱ्यापुढे उभा राहतो. त्या कागदांच्या नकला जहाजावर उरल्या नव्हत्या. आजारी पडून आधी परतलेल्या भंडाऱ्यानं, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक्यानं, त्या आपल्या ट्रंकेतून आणल्या होत्या आणि हिराबायकडे ठेवायला दिल्या होत्या. चौदा पानं. मोरेश्वरनं शेवटी लिहिलं होतं, 'आये, सांग, काय करू?'

हिराबाय लगेच म्हणाली, "लिही, सही कर नि घरी ये. मना काय करायचं त्या पुस्तकाचं?"

मी बोटं कीबोर्डवर ठेवली. मलाही तेच योग्य वाटत होतं. मी आयुष्यभर सह्या केल्या आणि घेतल्या. एका सहीनं पोर घरी येत असेल तर करावी. इंदूताई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत हे हिराबायच्या लक्षात आलं.

"इंदे, तू गप का? तू काय केलं असतंस?"

"मला विचारू नको."

"विचारते ना."

तेव्हा इंदूताईंनी सांगितलं. रांगेतल्या सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. संप मोडत आला तेव्हा गिरणीनं कामगारांना परत बोलावलं, पण हमीपत्रावर सही मागितली. संपात गेलो ही माझी चूक झाली, पुन्हा करणार नाही. साहेबानं कागद पुढे सरकवला. इंदूताईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "माझं काय चुकलं ते वर लिहा. मग खाली सही करते." साहेबाला ते लिहिता येईना. त्यानं पुढचा माणूस बोलावला. पुढचा माणूस म्हणजे इंदूताईंचा नवरा. त्यानं सही केली.

"तो परत कामाला लागला, मी नाय लागले," त्या म्हणाल्या. "त्याच्या सहीवर घरात भात शिजला. सुषमाची शाळा सुटली होती ती परत सुरू झाली. तो भात मीपण खाल्ला, हिरा. म्हणून सांगते, कोण बरोबर ते मला विचारू नको. तो वाईट नव्हता नि मी शहाणी नव्हते."

हिराबायनं विचारलं, "तुला रातची झोप लागतंय?"

"लागते."

"आणि त्याला? लागायची?"

इंदूताईंनी पदर सारखा केला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. "नाय," त्या म्हणाल्या. "त्याला नाय लागायची."

हिराबायनं पाटी उचलली, डोक्यावर ठेवली आणि मला म्हणाली, "लिही, सही करू नको. कागद पाठवतो." मग बाजाराच्या दिशेनं चालायला लागली. मी ते दोन ओळींचं पत्र टाइप केलं.

मंगळवारी मी अर्धी रजा टाकली. बावीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यासाठी टाकलेली ती पहिली रजा. दादरला एका झेरॉक्सवाल्याकडे चौदाही पानं स्कॅन करून घेतली, चार फ्लॉप्यांत भरली आणि संध्याकाळी इंदूताईंना आणून दिली. चिठ्ठीला नंबर मिळाला तिसरा.

बुधवारी सकाळी पहिली दोन पत्रं गेली आणि तिसरं सुरू झालं. चौदा पानांचं ते धूड. दहा मिनिटं झाली, निम्मंही गेलं नव्हतं, लाइन तुटली. आणि ईमेलचा दुष्टपणा असा, की अर्धं गेलेलं पत्र गेलेलं धरत नाहीत. ते पुन्हा पहिल्यापासून निघतं. परत लावली, परत पहिल्यापासून, परत तुटली. मागे सतरा पत्रं तटून होती. चिमटीएवढी पत्रं, कुणाची दोन ओळींची, कुणाची चार. त्यांचा नंबर येईना, आणि पुढचं हलेना. साडेसात वाजले. रांगेत कुजबुज सुरू झाली, मग कुजबुजीचा आवाज झाला.

दळवी पुढे आले. "ताई, एकासाठी सतरा लोकांना टांगून ठेवणार काय? ते एक काढा. दोन मिनिटांत सगळ्यांची जातील."

मी हळूच म्हटलं, "ताई, तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे."

हिराबाय दाराशी उभी होती. "काढ गे माजं," ती म्हणाली. "लोकांचा खोळंबा नको."

"तू गप," इंदूताई म्हणाल्या. मग रांगेकडे तोंड करून, "कुणाचं काढणार नाय. जातील तर सगळी जातील."

"हे संपातलंच झालं," मागून कुणीतरी बोललं. "सगळे जाऊ म्हणता म्हणता कोणीच गेलं नाय तेव्हा."

ते लागलं त्यांना. मी शेजारीच होतो, मला दिसलं. पण त्या मला एवढंच म्हणाल्या, "परत लावा." आठ वाजेपर्यंत आणखी दोनदा लावली. काही गेलं नाही. आठ वाजता फोनवाले आले, लाइन त्यांना द्यावी लागली. त्या दिवशी कचेरीत मी एका पत्रात तीन चुका केल्या.

गुरुवार शेवटचा. तिकडच्या शुक्रवारी सकाळी कागद पाद्र्याच्या हातात असायला हवे होते. मी सहाला पोचलो तेव्हा रांग आधीच उभी होती, पण कुणी भांडत नव्हतं. इंदूताई रांगेतल्या सावंतवहिनींना विचारत होत्या, "आपल्या नळावर तुमचे चौदा हंडे असले तर एकदम चौदा भरता काय?"

"एकदम कसे?" सावंतवहिनी म्हणाल्या. "डोकी फुटतील ना. दोन भरायचे आणि परत मागे."

"आणि पाणी मध्येच गेलं तर?"

"भरले ते भरले. आलं की पुढून सुरू."

इंदूताई माझ्याकडे वळल्या. "परबभाऊ, ते पत्र तोडता येतं काय? दोन दोन पानांचं एकेक?"

येत होतं. मशीन मी चालवत होतो, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आमच्या मजल्यावरचा तो नळ मी जन्मापासून पाहत होतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि अंगात अचानक बळ आलं. पंधरा मिनिटांत मी चौदा पानांची सात पत्रं केली. इंदूताईंनी लिहायच्या काळ्या पाटीवर खडूनं नवी रांग लिहिली. हिराबायची दोन पानं, मग दुसऱ्यांची चार पत्रं, मग हिराबाय परत मागून येऊन दोन पानं. बुधवारचे सतरा आणि गुरुवारचे नवे, सगळे त्यात बसवले. कुणाला वगळलं नव्हतं आणि कुणाला पुढे घेतलं नव्हतं.

लाइन लावली. पंजा वर झाला. हिराबायची पहिली दोन पानं पाच मिनिटांत गेली. मागची चार पत्रं एका मिनिटात. मग पुढची दोन पानं चालली होती तेवढ्यात लाइन तुटली, पण तेवढीच दोन परत आली. आधी गेलेलं गेलेलं होतं. "परत लावा." लाइन पाच वेळा तुटली. प्रत्येक वेळी इंदूताई पाटीवर गेलेल्यांची नावं पुसत आणि मोठ्यानं म्हणत, "सावंत, गेलं. काझी, गेलं. हिराबाय, सहा पानं गेली." रांगेतले लोक आपलं गेलं तरी घरी जाईनात. सगळे हिराबायची पानं मोजत उभे राहिले.

आठला सात मिनिटं होती तेव्हा पाटीवर दोनच नावं उरली होती. आधी दळवी, मग हिराबायची शेवटची दोन पानं. दळवी पुढे आले. रोजची खाकर नव्हती. "ताई," ते म्हणाले, "माझं राहू द्या. तिचं जाऊ द्या आधी." हे ते मनापासून बोलत होते, आणि रांगेनं माना हलवल्या.

इंदूताई म्हणाल्या, "नाय साहेब. नंबर तुमचा आहे."

"अहो, पण मीच देतोय ना."

"आज तुम्ही चांगल्यासाठी देताय. उद्या कोणतरी मागेल, तेव्हा मी काय बोलू? तुमचंच जाणार. परबभाऊ."

मी दळव्यांचं पत्र सोडलं. ते अर्ध्या मिनिटात गेलं. त्या अर्ध्या मिनिटात मी इंदूताईंना मनातल्या मनात काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मग शेवटची दोन पानं निघाली आणि मध्यावर लाइन तुटली. परत लावली. आठ वाजले. फोनवाले बाहेर जमले होते, एकानं फोनकडे हात नेला, तर दळव्यांनीच त्याचा हात धरला. आठ वाजून सहा मिनिटांनी ते पत्र 'पाठवलेल्या'त दिसलं.

"गेलं," इंदूताई म्हणाल्या. हिराबायनं पाटी उचलली आणि बाजाराला गेली.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण शुक्रवारी एजंट आला, आणि जहाजावरच्या सहा पोरांपैकी चौघांनी सही केली. आठवड्यात ते आपापल्या घरी पोचले. त्यातला एक शिवडीचाच होता. हिराबायला तो रोज रस्त्यात दिसे. मोरेश्वर आणि दुसरा एक मुलगा तिथंच राहिले. पाद्री लिही, अधिकाऱ्यानं कागद पाहिले, चौकशी लागली आहे, धीर धरा. असे अकरा आठवडे गेले. हिराबाय रोज यायची, पत्र आहे का बघायची, आणि इंदूताईंशी एक शब्द न बोलता जायची. इंदूताई रोज तिच्या आधी शटर उघडून उभ्या असत. सुषमा मला एकदा जिन्यात म्हणाली, "आई हल्ली झोपत नाही हो."

मी एका सकाळी न राहवून बोललो. "ताई, सही केली असती तर पोर आज घरी असतं."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "हिराला पण ठाऊक आहे. पण म्हणून तो कागद खरा होत नाय." आणि लगेच, "लावा."

बाराव्या आठवड्यात चौकशीचा निकाल पोरांच्या बाजूनं लागला आणि मोरेश्वर आला. मी दोनच दिवसांनी जागा सोडून डोंबिवलीला जाणार होतो, त्यामुळे ती सकाळ मी चुकवणार नव्हतो. हिराबाय पुढे, मागून मोरेश्वर. हिराबायनं कधी दाखवलेल्या फोटोतल्या पोराचा अर्धा उरला होता. त्यानं वाकून नमस्कार करायला सुरुवात केली तर इंदूताईंनी त्याला दंडाला धरून उभं केलं.

"पुस्तक दाखव," त्या म्हणाल्या.

त्यानं खिशातून खलाशाचं पुस्तक काढून दिलं. इंदूताईंनी चष्मा लावला. पहिल्या पानापासून एकेक पान उजेडाकडे धरून त्यांनी ते पाहिलं. शिक्के, तारखा, बंदरांची नावं. रांग थांबली होती, मी थांबलो होतो. शेवटच्या पानापर्यंत कुठंही शेरा नव्हता.

"एकवीस वर्षांत माझ्या गिरणीच्या कार्डावरपण शेरा नव्हता," त्या म्हणाल्या. "तरी मला कोणी परत घेतलं नाय. तू जा. परत जहाजावर जा, नि मान वर करून जा. तुला कोण अडवू शकत नाय."

"जाईल गे," हिराबाय म्हणाली. बारा आठवड्यांत ती इंदूताईंशी पहिल्यांदा बोलत होती. "आधी चार दिवस जेवू दे त्याला."

सगळे हसले. इंदूताईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं. हिराबाय पायरी उतरून बाजाराकडे वळली, तरी ते त्यांच्या हातातच होतं. मोरेश्वर ते मागण्यासाठी थांबला होता, आणि मागत नव्हता.